पाचशे डॉलरचं पिस्तूल: टेक्सासमधल्या एका मराठी घराचं प्रकरण

डॅलसच्या उत्तरेला कॉलिन काउंटी आहे. प्लेनो, फ्रिस्को, मॅकिनी ही तिथली गावं मराठी माणसांना आता पुण्याच्या उपनगरांइतकी ओळखीची झाली आहेत. तिथे राहणाऱ्या, पंचेचाळिशीच्या पुढच्या एका बाईंनी स्वतःसाठी पिस्तूल घ्यायचं ठरवलं. बजेट पाचशे डॉलर. कपड्यांखाली दिसणार नाही असं हवं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच. त्या काय ठरवून आल्या होत्या, शेवटी काय घेतलं आणि मधे काय काय घडलं, ते इथे मांडते आहे. मी टेक्सासमध्ये पिस्तूल बाळगण्याच्या परवान्याचं प्रशिक्षण देते. ताईंच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घरात चार माणसं. ताई आणि त्यांचे यजमान, दोघांकडे ग्रीन कार्ड. पंधरा वर्षांचा मुलगा. आणि नवऱ्याचा भाचा, एफ-१ व्हिसावर विद्यापीठात शिकणारा, भाडं वाचावं म्हणून मामाकडे राहिलेला. ही चार माणसं ध्यानात ठेवा. पिस्तुलाच्या निवडीत त्यांचं वजन नळीच्या लांबीपेक्षा जास्त पडलं.

गरज काय होती

ताई घरं विकण्याचं काम करतात. रिकाम्या घराचं कुलूप काढायचं, फोनवर बोललेल्या अनोळखी माणसाला आत घ्यायचं आणि एकेक खोली दाखवायची. संध्याकाळी, नव्या वसाहतीत, शेजारची घरं अजून रिकामी असताना. या धंद्यातल्या बायकांच्या मनात २०१४ ची अर्कान्सासमधली घटना घर करून आहे. लिटल रॉकजवळ घर दाखवायला गेलेल्या एका एजंट बाईंचं अपहरण झालं आणि नंतर त्यांचा मृतदेह सापडला. एका ग्राहकाने घरात शिरल्यावर मागचं दार आतून लावून घेतलं, आणि त्या दिवसापासून ताईंची झोप उडाली. त्या माणसाने पुढे काहीच केलं नाही. पण भीती बसायला तेवढं पुरतं.

मी आधी पिस्तुलाचं नावच काढू दिलं नाही. पहिली भेट ऑफिसातच घ्यायची, ओळखपत्राचा फोटो सहकाऱ्याकडे पाठवायचा, फोनवरचं लोकेशन चालू ठेवायचं, गाडी अशी लावायची की मागून कुणी अडवणार नाही. घर दाखवताना ग्राहकाला पुढे घालायचं, आपण मागे राहायचं, तळघरात किंवा माळ्यावर त्याच्यासोबत जायचं नाही. हे सगळं फुकट आहे आणि पिस्तुलाच्या आधी उपयोगी पडतं. ताईंनी ते महिनाभर पाळलं आणि मग पुन्हा आल्या. "धोका कमी झाला, पण संपलेला नाही," म्हणाल्या. मला ते पटलं. हे न करता थेट दुकानात जाणाऱ्याला मी शिकवायला तयार होत नाही.

आणखी एक प्रश्न मी प्रत्येक घराला विचारते, आणि तो आडून विचारत नाही. घरात कुणी खचलेलं आहे का? औषधं चालू आहेत का? मुलगा गप्प गप्प असतो का? अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं मेली, त्यांतले २६,३२८ मृत्यू आत्महत्येचे होते. म्हणजे निम्म्याहून जास्त. चोराच्या भीतीने आणलेलं पिस्तूल घरातल्याच माणसाच्या वाईट रात्री हाताशी येतं, हा खरा धोका आहे. तो चोराइतकाच, किंबहुना त्याहून आधी मोजायला हवा. ताईंनी शांतपणे विचार करून नाही म्हटलं. मुलाशीही बोलल्या. त्यानंतरच आम्ही पुढे गेलो.

ताई काय ठरवून आल्या होत्या

रूगर कंपनीचं एलसीपी. २००८ साली आलेलं, .३८० मापाच्या गोळीचं, जेमतेम पावणेतीनशे ग्रॅमचं पिस्तूल. तळहातात मावतं, पर्समध्ये हरवतं, आणि किंमत ताईंच्या आवाक्यात. दुकानातल्या विक्रेत्याने दुसरा पर्याय म्हणून छोटं रिव्हॉल्वर पुढे केलं होतं. "बायकांना हेच बरं, काही खेचावं लागत नाही." दोन्ही सल्ले दिसायला समंजस आहेत. दोन्ही नवख्या हातासाठी चुकीचे आहेत, आणि का, ते नेमबाजीच्या रेंजवर पाच मिनिटांत कळतं.

गोळी पुढे जाते तसा झटका मागे येतो. पिस्तूल जड असेल तर तो झटका वजनात विरतो, हलकं असेल तर सगळा मनगटावर येतो. म्हणजे सगळ्यात लहान पिस्तूल चालवायला सगळ्यात अवघड. ते सरावलेल्या माणसाचं हत्यार आहे. नवशिक्या माणसाला "हलकं द्या" म्हणून हेच दिलं जातं, मग तो दोनदा चालवतो, हात दुखतो, आणि पिस्तूल कायमचं कपाटात जातं.

काउंटरवर

रेंजआधी कायद्याचं. मराठी घरांत इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा थांबून लिहिते.

ग्रीन कार्ड असलेल्या माणसाला परवानाधारक दुकानातून पिस्तूल घेता येतं. वय २१ पूर्ण हवं. एच-१बी, एफ-१ किंवा त्यांच्या जोडीदारांच्या व्हिसावर असलेल्या माणसाला संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा काडतूस ताब्यात ठेवता येत नाही. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारून ठरवायचे. ताबा म्हणजे नुसतं विकत घेणं नव्हे. रेंजवर जाऊन भाड्याचं पिस्तूल चालवून फोटो टाकणारी आपली मुलं स्वतःच्या व्हिसाशी खेळत असतात. भाच्यालाही ताईंसोबत रेंजवर यायचं होतं. मी नाही म्हटलं. त्याला राग आला. त्याच्या मामांनी त्याला कायदा वाचायला दिला.

यजमानांचं म्हणणं, "मी माझ्या नावावर घेतो, तिला कशाला कागदपत्रांचा ताप." हेही चालत नाही. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि त्यातला सुरुवातीचाच प्रश्न असतो, खरे खरेदीदार तुम्हीच का? पैसे एकाचे, सही दुसऱ्याची, हत्यार पहिल्याला, हा सरळ गुन्हा आहे. स्वतःच्या पैशाने घेऊन बायकोला खरीखुरी भेट देता येते. पण इथे ताई स्वतःच्या कमिशनमधून पैसे देणार होत्या, तेव्हा सही त्यांचीच हवी होती. याच फॉर्मवर गांजाबद्दलही विचारतात. शेजारच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी संघराज्याच्या कायद्यात गांजा घेणाऱ्याला बंदूक नाही. ताईंचा तो प्रश्न नव्हता, पण ज्यांचा असेल त्यांनी ऐकून ठेवावं.

ताई पहिल्या खेपेला रिकाम्या हाताने परतल्या. घर बदललं होतं आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर जुना पत्ता होता. ओळखपत्रावर सध्याचा पत्ता लागतो, नाहीतर तो दाखवणारं दुसरं सरकारी कागदपत्र. दुसऱ्या खेपेला लायसन्स, ग्रीन कार्ड, त्यावरचा नंबर, सगळं जुळलं आणि संगणकावर उत्तर आलं, "विलंब". १९९८ पासून चालू असलेल्या, खरेदीदाराची पार्श्वभूमी बघणाऱ्या या सरकारी तपासणीत तीनच उत्तरं येतात: द्या, थांबा, देऊ नका. नागरिक नसलेल्या माणसाची इमिग्रेशनची नोंदही तपासली जाते, म्हणून आपल्या लोकांना "थांबा" बऱ्याचदा येतं. त्यात अपमान काही नाही. कामकाजाचे तीन दिवस उलटल्यावर उत्तर नसलं तरी दुकानदार देऊ शकतो, पण या दुकानाचा नियम स्पष्ट होकाराशिवाय न देण्याचा होता. होकार नंतर आला.

रेंजवर

ही पायरी खरेदीच्या आधीची. डॅलस परिसरात भाड्याने पिस्तूल देणाऱ्या रेंज पुष्कळ आहेत. काही डॉलर भरून चार-पाच मॉडेलं चालवून बघता येतात, आणि पाचशेच्या बजेटमध्ये यापेक्षा चांगला खर्च नाही. कापडाचा पोत बघितल्याशिवाय साडी न घेणारी बाई पिस्तूल मात्र व्हिडिओ बघून घेते, याचं मला वाईट वाटतं.

सात यार्डांवर, म्हणजे साधारण साडेसहा मीटरवर, जेवणाची कागदी प्लेट टांगली. प्रत्येक पिस्तुलाला दहा गोळ्या.

एलसीपी: दहांत तीन प्लेटवर, बाकी सगळ्या खाली डावीकडे. उजव्या हाताचा माणूस झटक्याला घाबरून गोळी सुटायच्या आधीच मनगट दाबतो, तेव्हा गोळ्या तिथेच जातात. शिवाय त्या पिस्तुलाच्या साइट्स, म्हणजे नेम धरायच्या खुणा, इतक्या बारीक, की चाळिशीचा चष्मा लागलेल्या डोळ्याला पुढचा ठिपका सापडेना. सातव्या गोळीनंतर ताईंनी अंगठ्याचं मूळ चोळायला सुरुवात केली.

स्मिथ अँड वेसनचं ६४२ रिव्हॉल्वर: पाच गोळ्या, .३८ स्पेशल, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. इथे खेचायला स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, नाही हे खरं, पण चाप प्रत्येक गोळीला लांब आणि जड ओढावा लागतो. चाप ओढता ओढता नळी थरथरत होती. दोन प्लेटवर. विक्रेत्याचा "बायकांना हेच बरं" हा सल्ला इथे उघडा पडला.

रूगरचं ईसी९एस: ९ मिमी, मॅगझिनमध्ये (गोळ्यांच्या कप्प्यात) सात अधिक नळीत एक गोळी, पाचशे ग्रॅमच्या आत, किंमत तीनशेच्या आत. चपटं, लपवायला फार छान. पाच प्लेटवर. साइट्स स्लाइडमध्येच कोरलेल्या, म्हणजे पुढे बदलता येत नाहीत. स्लाइड मात्र ताईंना मागे जाईना.

इथे मी थांबले, कारण "बायकांच्या हातात ताकद नसते" हे वाक्य मला याच ठिकाणी ऐकू येतं. ताई स्लाइड दोन बोटांच्या चिमटीत धरून, हात लांब ठेवून, मागे ओढत होत्या. तसं मीही करू शकत नाही. पिस्तूल छातीजवळ आणलं. नळी समोर, लक्ष्याकडेच. चापापासून बोट बाजूला. डाव्या हाताचा पंजा वरून घालून स्लाइड अख्ख्या मुठीत धरली. आणि मग स्लाइड मागे ओढण्याऐवजी उजव्या हाताने पिस्तूल जोरात पुढे ढकललं. खट्. ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. पुन्हा केलं, पुन्हा झालं. मनगटाच्या स्नायूंचं काम खांद्याकडे गेलं की एवढाच फरक पडतो, आणि त्या फरकाने निवडीचं दार एकदम मोठं झालं. संधिवात असलेल्या बोटांना मात्र ही युक्ती पुरत नाही. त्यांचा विचार वेगळा करावा लागतो.

त्यांच्यासाठीच बनलेलं पिस्तूल म्हणजे स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी. .३८० मध्ये २०१८ ला आलं, ९ मिमीमध्ये २०२० ला. स्लाइड लोण्यासारखी मागे जाते, मॅगझिन भरायला बाजूला खुंटी आहे, मुठीच्या मागे जास्तीचं सेफ्टीचं बटण. .३८० च्या ईझीवर ताईंच्या दहाच्या दहा प्लेटवर लागल्या. चेहरा खुलला. "हेच घेते."

शेवटचं टॉरसचं जी३सी. ९ मिमी, बारा अधिक एक, नळी सव्वातीन इंचांच्या जवळपास, वजन सव्वासहाशे ग्रॅम. सुरुवातीला दोनदा गोळी अडकली. दोष हाताचा होता. मनगट सैल असेल तर स्लाइडला टेकायला काही मिळत नाही आणि ती पूर्ण मागे जात नाही. पकड घट्ट करून घेतल्यावर अडकणं थांबलं. दहांत आठ प्लेटवर.

दहा विरुद्ध आठ

दहा मिळालेलं सोडून आठवालं का घेतलं, हा या प्रकरणाचा गाभा आहे. यावर आमचं एकमत लगेच झालं नाही.

.३८० चं ईझी दुकानात चारशेच्या आसपास होतं, जी३सी दोनशे साठला. फरक तिथेच संपत नाही. ९ मिमी ही जगात सगळ्यात जास्त खपणारी पिस्तुलाची गोळी, म्हणून स्वस्त. पन्नासचा डबा ताईंना पंधरा डॉलरला पडला. .३८० ची गोळी लहान असूनही कमी बनते, म्हणून महाग. तोच डबा बावीसला. (आपल्याकडे उलट आहे. भारतात ९ मिमी सामान्य नागरिकाला मनाई असलेली गोळी, म्हणून परवान्याच्या पिस्तुलाला .३२ ची सवय.) पैसे मोजके असतील तर महाग गोळी म्हणजे कमी सराव. ईझीवरचे दहा हे पहिल्या दिवसाचे दहा होते. जी३सीवरचे आठ सरावाने वाढणार होते आणि तो सराव परवडणार होता. हात दुखत नव्हता, स्लाइड जात होती, तेव्हा ईझीची सोय ज्यासाठी आहे ती अडचण ताईंना उरलीच नव्हती. बोटं आखडणारी बाई असती तर मीच ईझीचा आग्रह धरला असता.

आणखी स्वस्तही मिळतात. हाय-पॉइंटचं सी९ दोनशेच्या आत येतं आणि चालतंही, पण त्याची रचना साधी: गोळी सुटताना स्लाइड नुसत्या वजनाने आणि स्प्रिंगने रोखलेली. म्हणून स्लाइड भलीमोठी, आणि पिस्तूल आठशे ग्रॅमच्या पुढे. घरात ठेवायला ठीक, कमरेला दिवसभर नाही.

टॉरसवर यजमानांचा आक्षेप होता. इंटरनेटवर वाचून आले होते. आक्षेप निराधार नव्हता. ही ब्राझीलची कंपनी, आता अमेरिकेतला कारखाना जॉर्जियात बेनब्रिजला. तिच्या पीटी-१११ मिलेनियमसारख्या जुन्या मॉडेलांबद्दल, ती पडल्यावर गोळी सुटते असा सामूहिक दावा अमेरिकेत झाला आणि २०१५-१६ मध्ये तडजोडीने मिटला. म्हणून वापरलेलं जुनं टॉरस कुणी "शंभराला देतो" म्हटलं तर घेऊ नये. पण नाव मोठं असलं म्हणजे सुटका नसते. सिग सॉअरला २०१७ मध्ये पी३२० साठी, पडल्यावर गोळी सुटण्याच्या कारणावरूनच, बदल करून द्यावे लागले. स्मिथ अँड वेसनने २०२० च्या नोव्हेंबरात काही काळात बनलेली ९ मिमीची ईझी हॅमरच्या दोषासाठी परत मागवली. तेव्हा ब्रँडवर भांडण्यापेक्षा दोन गोष्टी करायच्या. नवं असो वा जुनं, मॉडेल आणि सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर तपासायचा. आणि स्वतःच्या हाताने दोनशे गोळ्या चालवल्याशिवाय त्यावर जीव टाकायचा नाही. ताईंनी दोन्ही केलं.

हिशेब

पाचशे डॉलर पिस्तुलाचे नव्हतेच. ताईंचा खरा खर्च असा झाला: पिस्तूल करासह २८१, होल्स्टर (पिस्तूल कमरेला ठेवायचं म्यान) ५५, होल्स्टर तोलून धरणारा जाड पट्टा ४०, घरातली कुलूपबंद पेटी ७०, गाडीत तारेने सीटला बांधायची पेटी ३५, कान-डोळ्यांचं संरक्षण ४०, सरावाच्या तीनशे गोळ्या ९०, बाळगायच्या पोकळ टोकाच्या चाळीस गोळ्या ५०, रेंजचं भाडं ५०, वर्ग आणि बोटांचे ठसे ८५, परवान्याची फी ४०. एकूण ८३६. पिस्तुलाचा वाटा एक तृतीयांश.

पाचशेच्या वरचे पैसे ताईंनी दोन महिन्यांत टप्प्याटप्प्याने घातले आणि तोवर पिस्तूल पेटीतच राहिलं. मला हे फार आवडलं. चारशेचं घेऊन होल्स्टर मात्र दहा डॉलरचं कापडी आणणारी माणसं मी पाहिली आहेत. कापडी होल्स्टर दुमडतं, दुमड चापात अडकते, आणि मग काय होतं ते सांगायला नको. होल्स्टर कडक हवं, चाप पूर्ण झाकणारं हवं. इथे एक पैसा वाचवू नये.

पोकळ टोकाच्या गोळीबद्दल बायका बिचकतात, क्रूर वाटते. तिचं कारण नेमकं उलट आहे. अंगात शिरल्यावर ती फुलते आणि तिथेच थांबण्याचा संभव वाढतो. साधी गोळी आरपार जाऊन मागच्या भिंतीपलीकडच्या मुलाला लागू शकते. नव्या वसाहतींतल्या जिप्सम बोर्डाच्या भिंती गोळी अडवत नाहीत.

पर्स

ताईंना पिस्तूल पर्समध्येच हवं होतं. कुर्ता, साडी, ड्रेस, कमरेला पट्टा कुठे लावणार? आणि पर्स तर हातातच असते.

हातात असते का? मी त्यांच्यासोबत एक रिकामं घर बघायला गेले. आत शिरल्या शिरल्या ताईंनी दिवे लावले, पर्स स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवली, एसी चालू केला आणि वरच्या मजल्यावर गेल्या. ओट्यावरच्या पर्सकडे मी नुसतं बोट दाखवलं. घर दाखवताना दार उघडायला, पडदे सरकवायला दोन्ही हात लागतात. पर्स खाली ठेवली जाणारच. आणि ग्राहकासोबत लहान मुलं असतात.

डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या हेडन गावात, वॉलमार्टमध्ये, दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि आई जागीच गेली. ती बाई नवशिकी नव्हती. पर्सही पिस्तुलासाठी वेगळा कप्पा असलेली होती. हे मी ताईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत, आणि पर्सचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यांनी कामाचे कपडे बदलले. पॅन्ट, सैल शर्ट, वर ब्लेझर. पिस्तूल उजव्या कमरेला, पॅन्टच्या आत. ज्या दिवशी साडी, त्या दिवशी पिस्तूल घरी, पेटीत. लग्नाला, मंडळाच्या गणपतीला ते न्यायचंच नाही, हे त्यांनी स्वतःहून ठरवलं.

परवाना कशाला

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये कायद्याने पात्र असलेल्या, २१ वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. मग वर्ग, परीक्षा, फी कशाला, असं सगळेच विचारतात. ताईंच्या बाबतीत उत्तर त्यांच्या कामात होतं. नव्या वसाहतींत शाळा जवळ असते, तेच तर घराचं आकर्षण. संघराज्याच्या कायद्याने शाळेपासून हजार फुटांच्या आत भरलेली बंदूक नेणं गुन्हा आहे. राज्याने दिलेला परवाना असलेल्याला त्यातून सूट आहे. परवान्याशिवाय ताईंचा अर्धा दिवस गुन्ह्यात गेला असता.

परीक्षा पन्नास गोळ्यांची, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून; अडीचशेपैकी १७५ गुण लागतात. ताईंना २२१ मिळाले. छान झालं, पण परीक्षा सोपी आहे हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं. त्यात होल्स्टरमधून पिस्तूल काढावं लागत नाही, हलावं लागत नाही. वर्गात मला गोळ्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं ते दुसरं: भांडण वाढू न देणं, निघून जाणं, दारावरच्या पाट्या वाचणं. ३०.०६ क्रमांकाची पाटी लावलेल्या जागेत परवाना असला तरी झाकलेलं पिस्तूल नेता येत नाही. घरमालकाने तोंडी नको म्हटलं तरी विषय संपला. ज्या ब्रोकरकडे काम करतो त्याचा नियम वेगळा असू शकतो. ताईंनी लेखी विचारून घेतलं.

राज्याची सीमा ओलांडली की सगळं बदलतं. ताईंची बहीण न्यू जर्सीत एडिसनला आहे. तिथे टेक्सासचा परवाना चालत नाही, दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन बेकायदा, पोकळ टोकाच्या गोळीवरही निर्बंध. प्लेनोत अगदी कायदेशीर असलेली बाई तिथे तेच पिस्तूल कमरेला लावून तीन गुन्हे एकदम करते. आणि भारतात जाताना त्याहून सांभाळायचं. रेंजला नेलेली बॅग प्रवासाला न्यायची नाही. तळाच्या शिवणीत राहिलेलं एखादं काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं तर शस्त्र कायद्याखाली पोलीस ठाणं, वकील आणि कोर्ट मागे लागतं. ताईंनी रेंजसाठी लाल रंगाची वेगळी बॅग घेतली आणि ती गॅरेजमधून घरात येत नाही.

घरात

पेटी ताईंच्या कपाटात, तळाला बोल्टने आवळलेली. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं गुन्हा आहे. मुलगा पंधराचा, हुशार, आणि या वयाची मुलं आईच्या वाढदिवसाचा आकडा पहिल्यांदा लावून बघतात. आकडा तसला कुठलाच नाही. मुलाला पेटी कुठे आहे ते सांगितलं आहे, लपवलेलं नाही. मित्राच्या घरी बंदूक दिसली तर हात न लावता निघून मोठ्या माणसाला सांगायचं, हेही शिकवलं.

भाच्याचा प्रश्न वेगळा. त्याला आकडा माहीत असता तर ताबा त्याचाही आहे असं सरकारी वकील म्हणू शकला असता, आणि त्यात त्याचा व्हिसा गेला असता. म्हणून आकडा फक्त नवरा-बायकोला. दोघं भारतात जाणार होते आणि भाचा घरी एकटा राहणार होता, तेव्हा अख्खी पेटी एका नागरिक मैत्रिणीकडे ठेवायची की दुकानाच्या तिजोरीत, यावर घरात दोन दिवस खल झाला. वकिलाला विचारून दुकानाची तिजोरी ठरली.

आता ताई महिन्यातून एकदा रेंजवर जातात, पन्नास गोळ्यांचा एक डबा. मधल्या दिवसांत घरी, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, रिकाम्या पिस्तुलाने होल्स्टरमधून काढण्याचा आणि चाप सरळ ओढण्याचा सराव. कागदी प्लेटवर दहाच्या दहा लागायला वेळ लागला, पण लागल्या. परवा त्यांनी विचारलं, चमकणाऱ्या साइट्स शंभरला मिळताहेत, बसवू का? मी म्हटलं, त्या शंभरात गोळ्यांचे सहा डबे येतात. आधी पंधरा यार्डांवरचे गुण वाढव, साइट्स दिवाळीनंतर बघू. त्यांना ते फारसं रुचलेलं नाही, आणि बहुतेक त्या बसवून घेतील.